ग्वाल्हेर गायकीचे आयुर्मान

मराठी घरात आयुष्य वर्षांनी मोजले जाते आणि त्या मोजणीचे टप्पेही ठरलेले आहेत. वाढदिवसाला औक्षण होते, साठी उलटली की शांत करतात, पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव, ऐंशी उलटून काही महिने झाले की सहस्रचंद्रदर्शन, आणि पाया पडणाऱ्याला आशीर्वाद मिळतो तो शतायुषी होण्याचा. माणसाच्या बाबतीत हे माप योग्यच आहे, कारण जगणे आणि वय वाढणे या माणसासाठी वेगळ्या गोष्टी नाहीत. पण हेच माप आपण संस्थांना, कलांना आणि परंपरांनाही लावतो. एखादी कला पाचशे वर्षांची आहे असे म्हटले की ती दीर्घायुषी ठरली, पुढे काही विचारायचे उरले नाही, असा आपला समज असतो. ग्वाल्हेरच्या संगीताबद्दल तर हे वाक्य सर्रास ऐकू येते. त्या शहराच्या संगीताचा इतिहास जरा जवळून पाहिला, तर मात्र या मापाची मर्यादा स्पष्ट दिसते. ग्वाल्हेरची ख्याल गायकी टिकली, यात शंका नाही. ती कशाच्या बळावर टिकली, हा खरा प्रश्न आहे. कोणा एका गवयाच्या, घराच्या किंवा गादीच्या दीर्घायुष्यावर ती जगली नाही. दर पिढीत कोणीतरी ती घराबाहेरच्या, गावाबाहेरच्या, पुष्कळदा धर्माबाहेरच्या माणसाला मोकळ्या हाताने दिली, म्हणून ती जगली, असे माझे म्हणणे आहे.

आधी पाचशे वर्षांचा हिशेब पाहू. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंह तोमर १४८६ मध्ये गादीवर आला. ध्रुपदाला त्याच्या दरबारात मोठा आश्रय मिळाला. ‘मानकुतूहल’ हा संगीतावरचा ग्रंथ त्याच्या नावाशी जोडला जातो, आणि सतराव्या शतकात फकीरुल्लाने तो फारसीत आणला. मानसिंहानंतर काही वर्षांतच तोमरांचे राज्य गेले. तानसेनाचे नाव ग्वाल्हेरशी कायमचे बांधले गेले आहे, मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्याशेजारी त्याची कबरही आहे. पण त्याची कीर्ती झाली ती अकबराच्या दरबारात. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने दरबारी कलावंतांची यादी दिली आहे, तिच्यात अनेक नावांपुढे ग्वाल्हेरचा उल्लेख येतो. म्हणजे त्या काळी ग्वाल्हेर गवई घडवत होते, आणि ते गवई बाहेर जात होते. आज ज्याला आपण ग्वाल्हेर घराणे म्हणतो ते ख्यालाचे घराणे आहे. त्याचा उगम तोमरांच्या किल्ल्यावर नसून शिंद्यांच्या लष्करात आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून आपला तळ ग्वाल्हेरला हलवला, किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी पडली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. ख्याल तिथे आला तो लखनौकडून. तेव्हा पाचशे वर्षांची अखंड ओळ अशी काही नाही. ध्रुपदाचे एक मोठे पर्व होऊन गेले, मध्ये खंड पडला, आणि मग दुसऱ्या राजवटीत, दुसऱ्या प्रांतातून आलेल्या कलावंतांनी दुसरा गानप्रकार रुजवला. आपण जिचे आयुष्य मोजत आहोत ती गायकी सुमारे दोनशे वर्षांची आहे. त्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. उलट दोनशे वर्षांतला प्रत्येक दुवा नावानिशी सांगता येतो, ही तिची खरी श्रीमंती आहे.

पहिले दुवे सर्वांना माहीत आहेत. नत्थन पीरबख्श लखनौहून ग्वाल्हेरला आले. त्यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ. त्याच दरबारात बडे महंमद खाँ होते आणि त्यांच्या तानबाजीचा दबदबा होता. घराण्यात असे सांगतात की, या दोघा भावांनी ती तानबाजी आडून ऐकली आणि आत्मसात केली, आणि पुढे बडे महंमद खाँ यांनी भर दरबारात हस्सू खाँ यांच्याकडून एक अतिकठीण तान पुन्हा घेववली, तिच्यातच हस्सू खाँ यांचा अंत झाला. कथेतला तपशील दंतकथेचा असेल, पण तिच्यामागची वृत्ती खरी आहे. विद्या जपायची म्हणजे लपवायची, असा तो काळ होता. आता पुढे काय झाले ते पाहावे. हस्सू खाँ भावाच्या कितीतरी आधी गेले. हद्दू खाँ १८७५ पर्यंत होते. तरीही महाराष्ट्रात जी ग्वाल्हेर गायकी पसरली तिचा मोठा प्रवाह हस्सू खाँ यांच्या बाजूने, त्यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून आला. उलट हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ यांचे उदाहरण आहे. ‘भूगंधर्व’ म्हणून ज्यांना लोक ओळखत, ज्यांच्या सुरांची मोहिनी अब्दुल करीम खाँसारख्या गायकावर पडली, ते रहिमत खाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडला वारले. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे स्वतः हद्दू खाँ यांचे शिष्य होते. गुरुपुत्राचे मन ठिकाणावर नव्हते, तेव्हा त्यांनी त्यांना सांभाळले आणि आपल्याबरोबर गावोगाव नेले. रहिमत खाँ यांच्या थोड्या ध्वनिमुद्रिका आज ऐकायला मिळतात, पण त्यांच्यामागे शिष्यांची मोठी परंपरा उभी राहिली नाही. रक्ताचा वारसा, अलौकिक गळा आणि पुरेसे आयुष्य, तिन्ही असूनही ती धार पुढे वाहिली नाही. काका अकाली गेले, पण त्यांची गायकी शिष्याच्या शिष्यांमार्फत शेकडो कंठांत पोहोचली.

लष्करात मराठी शिष्य मिळाले हा योगायोग नव्हता. शिंद्यांच्या बरोबर मराठी कारभारी, भिक्षुक, पुराणिक आणि कीर्तनकार तिथे गेले होते. कीर्तनकाराला गळा लागतो, तालाची जाण लागते, आणि चार लोकांसमोर उभे राहण्याची सवय असते. खाँसाहेबांच्या तालमीला अशी तयार माणसे दारातच मिळाली. वासुदेवबुवा जोशी, देवजीबुवा परांजपे, बाबा दीक्षित ही त्या पहिल्या पिढीतली नावे. यांतल्या वासुदेवबुवांकडे दक्षिणेतून एक तरुण आला. मिरजेजवळच्या बेडग गावी १८४९ मध्ये जन्मलेले हे बाळकृष्णबुवा, पुढे इचलकरंजीकर म्हणून प्रसिद्ध झाले. मिरज ते ग्वाल्हेर हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे आणि त्या काळात विद्येसाठी निघालेला गरीब मुलगा बहुतेक वाट पायीच तुडवत असे. गुरूच्या घरी पडेल ते काम करून बुवांनी विद्या मिळवली आणि ती घेऊन ते मागे फिरले. दम्याच्या विकाराने त्यांना कोरडी हवा शोधावी लागली, म्हणून ते मिरजेकडे स्थिरावले आणि मग इचलकरंजीच्या दरबारात राहिले. एका गवयाच्या आजारपणाने एका गायकीचा भूगोल बदलला, असे म्हणता येईल. विष्णु दिगंबर पलुस्कर, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा, नीळकंठबुवा, गुंडूबुवा इंगळे असे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. नीळकंठबुवांकडे मल्लिकार्जुन मन्सूर यांचे पहिले शिक्षण झाले. अनंत मनोहरांचे पुत्र गजाननराव जोशी, आणि गजाननरावांकडून उल्हास कशाळकर. १९२६ मध्ये बाळकृष्णबुवा गेले तेव्हा ग्वाल्हेरची गायकी कृष्णाकाठची झालेली होती.

विष्णु दिगंबरांच्या आयुष्यात तर माझ्या म्हणण्याचा पुरावा फार कठोरपणे लिहिलेला आहे. १८७२ मध्ये कुरुंदवाडला जन्म, लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा, म्हणून शाळा सुटली आणि मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणे सुरू झाले. १९०१ च्या मे महिन्यात त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईत. मुंबईची वास्तू कर्जापायी लिलावात गेली. घरी त्यांना बारा मुले झाली आणि त्यांतले एकच वाचले, ते दत्तात्रेय. १९३१ मध्ये बुवा साठी गाठण्याआधी वारले, तेव्हा दत्तात्रेय दहा वर्षांचे होते. घराच्या हिशेबाने पाहिले तर ही परंपरा तिथेच संपायला हवी होती. पण बुवांनी आपली विद्या घरात ठेवलेली नव्हती. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या शिष्यांनी गुरुपुत्राला शिकवले. बापाची विद्या मुलाला मिळाली ती परक्या हातांतून, कारण बापाने ती आधी परक्यांना दिली होती. द. वि. पलुस्कर म्हणून नावारूपाला आलेले ते दत्तात्रेय १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्याही वेळी गायकी थांबली नाही. बुवांच्या निधनाच्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले होते, विनायकरावांचे पुण्यातले विद्यालय १९३२ पासून चालू होते, ओंकारनाथ ठाकूर बनारसला होते, बा. र. देवधर मुंबईत. याच देवधरांकडे कुमार गंधर्व शिकले. मृत्यूने या घरावर जितके घाव घातले तितके क्वचितच कोणत्या घरावर घातले असतील, आणि तरीही या शाखेइतकी विस्तारलेली दुसरी शाखा दाखवणे कठीण आहे.

खुद्द ग्वाल्हेरमध्येही हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. हद्दू-हस्सूंच्या घरातले नत्थू खाँ यांनी दत्तक घेतलेले निसार हुसेन खाँ हे पुढचे मोठे उस्ताद. १८८६ मध्ये जयाजीराव शिंदे वारले, दरबारातले दिवस पालटले, आणि उस्तादांना आधार मिळाला तो शंकर पंडित या आपल्या मराठी शिष्याच्या घरात. उस्ताद ब्राह्मणाच्या घरी राहिले आणि त्या घराला त्यांनी आपले भांडार दिले. सावंतवाडीकडून आलेले रामकृष्णबुवा वझे यांनीही निसार हुसेन खाँ यांच्याकडूनच विद्या मिळवली. हाल सोसून मिळवलेल्या त्या चिजा वझेबुवांनी पुढे ‘संगीत कलाप्रकाश’मध्ये छापून सर्वांना खुल्या केल्या. शंकर पंडित १९१७ मध्ये चौपन्नाव्या वर्षी गेले. त्याआधीच, १९१४ मध्ये, त्यांचे पुत्र कृष्णराव यांनी गावात विद्यालय सुरू केले होते. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या पाठबळाने संगीतशास्त्रकार भातखंडे यांच्या योजनेनुसार माधव संगीत विद्यालय उघडले. त्यासाठी राज्यातल्या निवडक गवयांना मुंबईला पाठवून भातखंडे यांची स्वरलिपी आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या अंगवळणी पाडण्यात आली. शंकर पंडितांचे शिष्य राजाभैया पूछवाले त्यांतलेच. एकेकाळी ज्या गावात तान आडून ऐकावी लागे, त्याच गावात शंभर वर्षांच्या आत फळ्यावर सरगम लिहून गाणे शिकवले जाऊ लागले.

दिल्याने टिकते हे खरे, पण देता येण्यासारखी घडणही असावी लागते. ग्वाल्हेर गायकीत ती आहे. तालमीतला एक विलंबित ख्याल घेऊ. ताल तिलवाडा, सोळा मात्रा. मुखडा साधारण बाराव्या मात्रेवरून उचलायचा आणि समेवर नेमका उतरवायचा. गुरू स्थायी गातो, शिष्य ती जशीच्या तशी परत म्हणतो. एखादे अक्षर अर्ध्या मात्रेने सरकले तर पुन्हा पहिल्यापासून. स्थायी आणि अंतरा दोन्ही पुरे भरल्याशिवाय पुढे जायचे नाही. मग त्याच बंदिशीच्या अंगाने बहलावे, नंतर बोलअंग, बोलताना, आणि शेवटी तीन सप्तकांतून सरळ धावणारी सपाट तान. राग बहुधा रोजचे: यमन, भूप, बिहाग, हमीर, केदार. या पद्धतीत बंदिश हाच रागाचा नकाशा असतो. शिष्याकडे प्रतिभा कमी असली तरी बंदिश शुद्ध पोहोचते, आणि दोन पिढ्यांनी एखादा प्रतिभावान आला की त्याला तीतून राग पुन्हा उलगडता येतो. अनवट रागांवर किंवा एकाच गळ्याच्या लकबीवर उभ्या असलेल्या गायकीला ही सोय नसते. तो गळा गेला की मागे उरते ती नक्कल. नत्थन पीरबख्श यांच्याकडे शिकून घग्गे खुदाबख्श आग्र्याला परतले आणि तिथल्या ध्रुपदियांच्या घरात ख्याल शिरला, तोही या देण्याजोग्या घडणीमुळेच. ग्वाल्हेरला ख्यालाच्या घराण्यांची गंगोत्री म्हणतात त्याचे कारण हे आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो आश्रयाचा. शिंद्यांनी गवयांना पोसले, म्हणून गायकी जगली. गुरूंच्या उदारपणाचे श्रेय कशाला, असे कोणी विचारील. आश्रयाशिवाय हद्दू-हस्सू ग्वाल्हेरला स्थिरावलेच नसते, हे मान्य केलेच पाहिजे. पण आश्रयाने गायकी जन्माला येते, तिचे आयुष्य मात्र आश्रयावर ठरत नाही. मानसिंहाने ध्रुपदाला जे दिले ते शिंद्यांनी ख्यालाला दिलेल्यापेक्षा उणे नव्हते, आणि तरीही ध्रुपदाची पुढची वाटचाल प्रामुख्याने ग्वाल्हेरबाहेर झाली. जयाजीरावांनंतर निसार हुसेन खाँ यांना दरबाराने नव्हे, शिष्याने सांभाळले. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, मिरज, कुरुंदवाड, इचलकरंजी, औंध यांची सत्ताही त्याच सुमारास संपली. त्या दिवशी गायकी दरबारावर अवलंबून असती तर तिचाही शेवट झाला असता. प्रत्यक्षात तोवर ती विद्यालयांत, नाटकमंडळ्यांत, आकाशवाणीवर आणि मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेली होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जे टिकले ते मूळचेच आहे का? स्वरलिपीत मींड उतरत नाही, वर्गात वीस मुलांना एकदम शिकवताना तालमीची बारकाई राहत नाही, प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांनी गवई घडले किती, असे विचारले जाते आणि ते रास्त आहे. विद्यालयांतून थोर गायक थोडेच निघाले. पण इथे दोन कामे वेगळी ओळखली पाहिजेत. गायक घडवण्याचे काम गुरूच्या समोर बसूनच होते, आणि ते विद्यालयांच्या काळातही तसेच चालू राहिले. विद्यालयाने दुसरे काम केले: बंदिशींचा साठा हजारो लोकांच्या ओठी आणि वहीत ठेवला, आणि ज्याला आपण कानसेन म्हणतो तो श्रोता गावोगाव तयार केला. श्रोता नसेल तर मैफल नाही, आणि मैफल नसेल तर शिष्याने आयुष्य का वाहावे? शिवाय मूळचे म्हणजे नक्की कोणते? हद्दू-हस्सूंनी स्वतःच घरच्या गायकीत बडे महंमद खाँ यांची तान मिसळली. बाळकृष्णबुवांच्या शिष्यांत कोणी भजनाकडे वळले, कोणी रंगभूमीकडे. बदल हा या गायकीत पहिल्या दिवसापासून आहे. तिची ओळख टिकली ती बंदिशीचे अंग आणि क्रम टिकल्यामुळे. ज्या दिवशी बंदिश केवळ निमित्त ठरेल आणि मुखड्याची एक ओळ धरून तास काढला जाईल, त्या दिवशी मात्र तिचे आयुष्य संपले असे म्हणावे लागेल. हा धोका खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप कृष्णराव शंकर पंडितांच्या नावाने येईल. १८९३ मध्ये जन्मलेले कृष्णराव १९८९ पर्यंत, शहाण्णव वर्षे जगले. शिंद्यांच्या अमलात घडलेला हा गळा दूरदर्शनच्या काळापर्यंत ऐकू येत होता. मग व्यक्तीच्या दीर्घायुष्याला काहीच किंमत नाही का? किंमत आहे, आणि मोठी आहे. टप्पा, तराणा, अष्टपदी असे दुर्मीळ होत चाललेले प्रकार त्यांच्याकडे साठलेले होते. ते पन्नाशीत गेले असते तर त्यांतले बरेच हरवले असते. पण ते शहाण्णव वर्षे उपयोगी पडली याचे कारण विशीतच त्यांनी शिकवायला सुरुवात केली होती. त्यांचे शिष्य शरच्चंद्र आरोलकर मुंबईत राहून शिकवत राहिले. द. वि. पलुस्करांकडे शिकणारे शरद साठे गुरूच्या अकाली निधनानंतर देवधरांकडे आणि पुढे आरोलकरांकडे गेले. एका शाखेत मृत्यूने पडलेली पोकळी दुसऱ्या शाखेतल्या शिक्षकाने भरून काढली. लांब आयुष्याने साठवायला आणि वाटायला वेळ मिळतो, एवढेच त्याचे काम. वाटणे झाले नाही तर तोच वेळ वाया जातो. रहिमत खाँ आणि कृष्णराव पंडित यांच्यातला फरक वयाचा नाही, शिष्यांचा आहे.

आज ग्वाल्हेरला उत्सवांची कमी नाही. मानसिंह तोमराच्या नावाचे संगीत आणि कला विद्यापीठ तिथे उभे आहे, २०२३ मध्ये युनेस्कोने शहराला संगीतनगरीचा मान दिला, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये तानसेन समारोहाची शंभरी साजरी झाली. या गोष्टींचा आनंद आहेच. पण शंभरी मोजणाऱ्यांनी एक दुसरी मोजणीही करायला हवी: आज तिलवाड्यातला ख्याल स्थायी-अंतऱ्यासह पुरा शिकवू शकणारे गुरू किती, त्यांच्यासमोर रोज बसणारे शिष्य किती, आणि त्या शिष्यांतल्या कितींनी स्वतः कोणाला तरी शिकवायला घेतले आहे. समारोहाच्या मंडपावर होणाऱ्या खर्चातला काही वाटा गुरूच्या घरी राहून शिकणाऱ्या मुलांच्या निर्वाहाला मिळाला, तर शिंद्यांच्या आश्रयातले जे उत्तम होते ते पुढे चालेल. महाराष्ट्रालाही हे लागू आहे, कारण या गायकीचा अर्ध्याहून अधिक संसार मिरज, पुणे आणि मुंबईत झाला. घरात वाडवडिलांच्या वह्यांतून पडून असलेल्या बंदिशी कुलूपबंद ठेवणारा माणूस परंपरा राखत नाही, तो तिचे दिवस कमी करतो. हस्सू खाँपासून द. वि. पलुस्करांपर्यंतची ओळ हेच सांगते. जी विद्या देऊन झाली आहे, तिला देणाऱ्याच्या मृत्यूने काही होत नाही. म्हणून ज्याच्याकडे चार चिजा असतील त्याने त्या आजच कोणाच्या तरी गळ्यात घालाव्यात.